चिंचोक्यांची वंशावळ

खोली भाड्यानं घ्यायला गेलं की घरमालक काय विचारतात ते मला तोंडपाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटण-मच्छी करता का, घरी किती वाजता येता. भूगावच्या आबांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला बाजारात जनावर बघतात तसं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आजोळ कुटलं?"

मी म्हटलं, जिंतूर. मग आईचं आजोळ विचारलं, तेही सांगितलं. मग आईच्या आईचं. तिथं माझी बोलती बंद. तिशीची बाई, परभणीहून येऊन बावधनला गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते, आणि पणजीचं माहेर माहीत नाही! आबांना माझी कीवच आली असावी. म्हणाले, "ऱ्हा. पर आईला इचारून घे." मी मनातून चडफडले. खोली देताय की स्थळ बघताय, असं अगदी ओठावर आलं होतं. पण खोलीला ऊन होतं, नळाला पाणी होतं, ऑफिस जवळ होतं. राग गिळला, सामान टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर आईला फोन लावून पणजीचं माहेर विचारलं.

आबांचं आयुष्य वळू सांभाळण्यात गेलं होतं. एकामागून एक पाच डांगी वळू त्यांनी पाळले, आणि पाचांचंही नाव हरण्या. खाली मुठा खोऱ्यापासून इकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंतच्या गायी त्यांच्या दारात यायच्या. आबा चौथीच्या पुढं शिकले नव्हते आणि वही त्यांनी कधी ठेवली नाही. कुठली गाय कुणाची, तिची आई कोण, आईला कितव्या हरण्याचं लागलं होतं, कुठल्या वेताला काय निपजलं, सगळं डोक्यात. तेही चार-चार पिढ्यांचं. मग डॉक्टरांची कृत्रिम रेतनाची सुई आली, वळूची गरज संपली. मग बिल्डर आले, गायीही संपल्या. शेवटच्या हरण्याचा गोठा पाडून तिथं भाड्याच्या खोल्या झाल्या. तिसरी खोली, म्हणजे माझी, बरोबर त्याच्या दावणीच्या जागी होती. हे आबांनी मला सहा महिन्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा, की मला मोठा मान दिलाय.

एकदा मी रिक्षाची वाट बघत चौकात उभी होते, आबा सोबत होते. गर्दीत एक टेम्पो अडकलेला, मागं एक गाय. आबा टेम्पोभोवती एक चक्कर मारून आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, ही मुठ्याच्या धोंडिबाच्या बांडी गायीची नात. ड्रायव्हर हडबडला. गाय मुठ्याहूनच आणली होती, धोंडिबाच्या मुलाकडून. त्यानं विचारलं, कशावरून? आबा म्हणाले, डाव्या कानाचा शेंडा दुमडलाय. असा कान तिसऱ्या हरण्याचा होता, बांडीला त्याचंच लागलं होतं. बांडीचा नव्हता, बांडीच्या लेकीचाही नव्हता, आणि इथं नातीला बघा कसा आलाय. ड्रायव्हरनं कानाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि हात जोडले. रिक्षा आली आणि निघून गेली तरी मी तिथंच उभी.

"खाण तशी माती म्हंत्यात," आबा परत येताना म्हणाले, "ते अर्धंच हाय. खाणीच्या खाली आनिक एक खाण असती. दडलेलं मरत न्हाई, पोरी."

आबांचा एक नेम होता. घरातल्या घरात जोडी लावायची नाही. वळूची लेक वळूकडं आली की परत. नात आली तरी परत. एकदा गावातलं एक बडं प्रस्थ गाय घेऊन आलं. आबांनी दारातच सांगितलं, हिची आजी ह्या हरण्याच्या बापाची, पुढच्या गावात दुसरा वळू आहे तिकडं न्या. त्या माणसानं शिव्या घातल्या, दोन वर्षं बोलणं टाकलं. आबा ढिम्म. असल्या जोडीचं वासरू लंगडं-आंधळं निघालं तर त्याचे हाल कोण बघणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

घरात आबा, मुलगा दत्ता, सून सुनंदा आणि नऊ वर्षांची नात ओवी. आबांची बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. सुनंदा ही तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे दत्तानं मामाची मुलगी केली होती. आपल्याकडं त्यात कुणाला वावगं वाटत नाही, उलट पहिला मान मामाच्या मुलीचा. म्हणून सुनंदा सासूला आत्या म्हणायची, कारण ती खरोखरीच आत्या होती.

ओवीला जन्मापासून ऐकू येत नाही. कानामागं यंत्र आहे, पण त्यातून तिला नुसता गोंगाट कळतो. पोरगी मात्र अशी तरतरीत, की हातांच्या खुणांनी तुमची नक्कल करून तुम्हालाच हसवील. तिच्याबद्दल मला सुनंदानं सांगितलं ते मेथी निवडताना, दूधवाला येऊन गेला हे सांगावं तसं. पाचव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं. सुनंदाला वेळेचं भान राहिलं नाही, ती विळीवर भेंडी चिरत बसली आणि आत्यानं पाहिलं. पुढं ओवी हाकेला वळत नाही हे कळलं तेव्हा आत्या म्हणाली, गिरानात चिरलंस, पोरीचे कान कापलेस. आत्या गेली, तिचं वाक्य घरातच राहिलं. गल्लीतल्या बायकाही तेच बोलत. सुनंदानं विळी फडक्यात गुंडाळून फळीवर टाकली, ती पुन्हा काढली नाही. भाजी सुरीनं चिरायची, उभ्यानं.

माझं टाळकंच फिरलं. मेथी तशीच टाकून मी तिला ग्रहण म्हणजे सावली, बाकी काही नाही, असं अर्धा तास ऐकवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी शिकलेल्या हायसा, ताई," ती म्हणाली. "पर मग झालं कशानं?"

मेथी निवडून झाली, ती उठून आत गेली.

त्याच सुमाराला आमच्या कंपनीनं एक गेम करायला घेतला. त्यात एक मनानं रचलेला प्राणी. मांजराएवढा, अंगभर झिपऱ्या, पिंपळपानासारखे कान आणि शेपटीचं टोक अंधारात उजळणारं. मुलांनी तो मोबाइलवर पाळायचा, जोड्या लावायच्या, पिल्लं काढायची. कुठल्या जोडीला कसलं पिल्लू व्हावं याचे नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. प्राण्याचं ऑफिसातलं नाव काहीतरी इंग्रजी होतं. आबांनी चित्र बघितल्याबरोबर त्याचं झिप्रं करून टाकलं आणि ऑफिसातही मग तेच चिकटलं.

रविवारी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आबांनी विचारलं म्हणून मी मोठ्या ऐटीत माझा नियम सांगितला. आई निळी, बाप पिवळा, तर पिल्लू हिरवं. दोघांचं मिसळून मधलं. आबांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "धा वेतांत समदी शेणाच्या रंगाची हुतील की. मग पाळायची कशापायी?"

मी फणकाऱ्यानं लॅपटॉपवर पिढ्या चालवून बघितल्या. नवव्या पिढीला पडद्यावरची सगळी झिप्री एकाच मातकट रंगाची झाली. मान वर केली तर आबा माझी फजिती बघायला थांबलेच नव्हते. ते आत चिंचोके आणायला गेले होते.

काही चिंचोके त्यांनी दगडावर घासून पांढरे केले, काही तसेच काळे ठेवले. बाटल्यांची झाकणं मांडली. एक झाकण म्हणजे एक झिप्रं, आणि प्रत्येकात चिंचोके दोन. एक आईनं दिलेला, एक बापानं. पांढरा म्हणजे उजळ शेपटी, काळा म्हणजे विझलेली. दोनांत एक जरी पांढरा असला तरी शेपटी उजळणार. काळा असेल तो नुसता दडून बसणार, आणि पिल्लाला द्यायच्या वेळी त्याचाही नंबर लागू शकणार. कुठला द्यायचा हे आई-बापाच्या हातात नाही. म्हणून ओवीनं डोळे मिटून झाकणातला एक उचलायचा. ओवीला हे काम एवढं आवडलं, की शाळेची बस आली की दप्तर फेकून ती आधी झाकणं मांडायची.

त्या पावसाळ्यात आबांनी माझ्या झिप्र्याचा अख्खा संसार उभा केला. सगळीकडं एकाची सरशी होत नाही, म्हणाले. निळ्या आणि पांढऱ्या झिप्र्यांचं पिल्लू दोन रंगांचं, बांडं होऊ दे, तिथं दोघंही बोलतात. शिंगं आणि तापटपणा एका दावणीला बांधलेले ठेव, एक आलं की बहुधा दुसरं येतंच, पण कधीतरी दावं तुटतं, तेवढी जागा सोड. मी खोलीत येऊन पुस्तकात शोधायची, तर प्रत्येक गोष्टीला नाव होतं. लोकांनी प्रयोगशाळांत जन्म घालवून जे शोधलं ते ह्या माणसानं गायींच्या मागं फिरून गाठलं होतं, आणि आपण काही गाठलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. मला त्यांच्या शेजारी बसायची लाज वाटायची आणि उठायचंही जिवावर यायचं. गोठा गेल्यापासून आबांकडं जनावर नव्हतं. झिप्री ही त्यांची नवी गुरं होती, आणि त्यांचीही वंशावळ त्यांना तोंडपाठ होती.

मग ऑफिसातून एक मागणी आली. विझलेल्या शेपटीचं झिप्रं दुर्मीळ ठेवायचं, पण एखाद्या चिवट पोरानं ठरवलंच तर त्याला ते काढता आलं पाहिजे. कसं, ते मला सुचेना. श्रावणातला रविवार होता. सुनंदा ओट्याच्या कडेला तांदूळ निवडत होती. मी आबांना विचारलं.

"सोपं हाय," आबा म्हणाले आणि झाकणं ओढली. "दडलेलं भाईर काढायचं तर घरातल्या घरात लावायचं. ही बहीण, हा भाऊ. दोघांच्या पोटात एक-एक काळा, पर शेपट्या उजळ, कुनाला पत्ता न्हाई. आता बहिनीचा ल्योक घे. भावाची लेक घे. त्यांची जोडी..."

बोलता बोलता त्यांनी ती दोन झाकणं एकमेकांशेजारी ठेवली, आणि त्यांचा हात झाकणावरच राहिला. ओवीनं नेहमीसारखे डोळे मिटले, इकडून एक उचलला, तिकडून एक उचलला आणि तळहात आजोबांपुढं धरला. दोन्ही काळे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विझलेली शेपटी निघाली, म्हणून ती आनंदानं टाळ्या पिटायला लागली. आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग तांदूळ निवडणाऱ्या सुनंदाकडं पाहिलं. मग उठून ते गोठा होता त्या बाजूला निघून गेले.

मला कळलं. लगेच कळलं. आणि खरं सांगते, मी घाबरले. लॅपटॉप मिटून खोलीत जाऊन बसले.

आठ दिवस आबांनी झाकणं मांडली नाहीत. पार्सलवाला नवा पोरगा आला आणि गेला, त्याला आजोळ विचारलं नाही. नवव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे.

"तुझं झिप्रं खोटं, व्हय?"

"खोटं, आबा. मनानं रचलेलं."

"आन् त्याचं कायदं?"

मी म्हटलं, "ते तुम्हीच सांगितलेत."

"म्हंजी खरं," आबा म्हणाले आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

मी त्यांना बजावलं, की ऐकू न येण्याला कारणं छप्पन्न असतात, चिंचोक्यांवरून घरातलं ठरवू नका. पण रक्त तपासून सांगणारे डॉक्टर असतात, हेही सांगितलं. आबा म्हणाले, मग तिथंच जायचं. दत्ता कुरकुरला, नऊ वर्षांनी आता कशाला म्हणाला. आबांनी तोवर पायात चपला घातल्या होत्या.

मीही सोबत गेले. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला आणि सवयीनं विचारलं, घराण्यात आधी कुणी बहिरं होतं का. दत्ता नाही म्हणाला. आबा म्हणाले, होतं. आणि सुरू झाले. बायकोच्या माहेरचं घराणं, तिच्या आजोबांपासून. कोण कुणाचा, कोण कुठं दिली, कोण तान्हेपणी गेलं. आजोबांच्या धाकट्या भावाला सगळे मुका म्हणत, तो मुका नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि त्याचे आई-बापही मामा-आत्याची पोरंच. डॉक्टरीणबाई पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढत होत्या. कागद भरला, त्यांनी तो उलटा केला, मग दुसरा घेतला. शेवटी पेन ठेवून म्हणाल्या, माझ्याकडं येणाऱ्यांना आजोबांचं नाव आठवत नाही. मला आबांचा एवढा अभिमान वाटला, की जणू मीच त्यांना वाढवलंय.

काही आठवड्यांनी अहवाल आला. चिंचोके बोलले होते तेच. दत्ताकडून एक, सुनंदाकडून एक, दोघांतही दडलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणात तुम्ही काय केलं, काय नाही केलं, याचा काही संबंध नाही. सुनंदानं विचारलं, "आन् गिरान?" त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाल्या, त्याचाही नाही.

मला वाटलं होतं सुनंदा रडेल, हसेल, काहीतरी करेल. ती परतीच्या वाटेवर खिडकीतून बाहेर बघत राहिली. घरी येऊन तिनं भाजी काढली आणि सुरीनं, उभ्यानं चिरायला लागली. इतकी वर्षं अंगावर वागवलेलं एका कागदानं कसं उतरणार? मी ओट्यावर होते, मला आतलं दिसत होतं. आबा कधी स्वयंपाकघराच्या दारात जायचे नाहीत, ते तिथं जाऊन उभे राहिले.

"सुनंदे, दुसऱ्याची गाय म्या कधी घरातल्या घरात लावली न्हाई," ते म्हणाले. "आन् तुमची जोडी म्याच लावली. तवा मला गायच कळत हुती, मानूस न्हाई. पोर चूक न्हाई आपली. पर आत्या तुला बोलली, गल्ली बोलली, आन् मी गप बसलो. ती चूक माझी हाय."

सुनंदा "बरं" म्हणाली. चहा ठेवू का, असंही विचारलं. आबा परत ओट्यावर येऊन बसले. मग ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उतरलं न्हाई तिच्या मनातनं."

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर महिन्याभरात माझी बंगळूरला बदली झाली आणि दोन वर्षांनी आबा गेल्याचं सुनंदानं फोनवर कळवलं. त्यामुळं मला आबा दिसतात ते त्या दिवाळीतलेच. गेम बाजारात आणायची घाई होती म्हणून मी परभणीला गेले नव्हते. ऐन दिवाळीत संध्याकाळचं सूर्यग्रहण आलं. गल्ली चिडीचूप. दूध-पाण्यात तुळशीची पानं पडलेली, चुली बंद, बायका आणि पोरं दारं लोटून घरात. आमच्या मागच्या सोसायटीतले लोक तेवढे काळे चष्मे लावून गच्चीवर.

ग्रहण लागलं आणि आबा घरातून बाहेर आले. एका हातात फडक्यात गुंडाळलेली विळी, दुसऱ्या हातात भेंडीची पाटी. रस्त्याकडं तोंड करून, सगळ्यांना दिसेल असे ते ओट्यावर बसले, फडकं सोडलं, विळी मांडली आणि पाय ठेवला. तोही चुकीचा. उभ्या आयुष्यात विळीवर कधी बसलेले नाहीत. पहिली भेंडी चिरली तिचे दोन तुकडे झाले, दुसरीचा चुरा.

समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून सांगितलं, "आबा, गिरान लागलंय."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. "म्हनून तर बसलोय. ज्याला काय बोलायचं हाय त्यानं आता मला बोला."

काकूंनी दार लावून घेतलं. आबा चिरत राहिले. ओवी येऊन शेजारी बसली, भेंड्यांचे देठ उचलून कपाळाला, गालांना चिकटवायला लागली आणि मला बोलावून दाखवायला लागली. मी माझ्या खोलीच्या दारातून हलले नाही. सुनंदा आतून आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली. उजेड पिवळसर, आजारी माणसाच्या तोंडासारखा झाला होता. ती आधी आबांच्या हाताकडं बघत होती, मग पाटीकडं, मग विळीच्या पात्याकडं. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाटी निम्मी झाली होती.

"आबा, उठा तिथनं," ती म्हणाली. "बोट कापून घ्याल."

आबा उठले. ती बसली. पदर खोचला, पाय बरोबर ठेवला, एक भेंडी घेतली आणि हातात धरून राहिली. मग तिनं ती चिरली. मग दुसरी. इतक्या वर्षांनी बसली होती तरी चकत्या एकसारख्या पडत होत्या. आबा बुळबुळीत झालेले हात कुठं पुसावेत हे न कळून तसेच धरून उभे होते.

सुनंदानं मान वर न करताच सांगितलं, "मिरच्या बी आना चार."

आबा लगबगीनं आत गेले. आतून डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज यायला लागले. मुठा खोऱ्यातल्या गायींच्या चार पिढ्या पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात मिरच्या कुठं ठेवतात हे माहीत नव्हतं. ते शोधत राहिले. बाहेर सुनंदा भेंडी चिरत होती आणि ग्रहण अजून सुटायचं होतं.